अल्लाबक्षचाचांचा चौदावा फर्मा

खरं सांगा, रहस्यकथा हातात पडली की तुम्ही शेवटचं पान आधी वाचता की नाही? मागे वळून बघू नका, तुम्हालाच विचारतोय. घरात कुणाचं लक्ष नाही असं बघायचं, अंगठ्याने मागची दोन पानं उचकायची, खुनी कोण ते पाहून घ्यायचं, आणि मग साळसूद चेहऱ्याने पहिल्या पानापासून सुरुवात करायची. वर चारचौघांत सांगायचं, "मला तर पन्नासाव्या पानालाच कळलं होतं!" असले वाचक या पुण्यात पैशाला पासरी आहेत.

अल्लाबक्षचाचा त्यातले नव्हते. ते पुस्तक वाचतच नसत. पन्नास वर्षं पुस्तकं बांधली, पण एकही पुरतं वाचलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "शिंपी काय दुसऱ्यांचे सदरे घालून बघतो?"

मंडईच्या मागच्या गल्लीत लोणच्यावाल्याच्या आणि बांगडीवाल्याच्या मधे त्यांचं दुकान. दुकान म्हणजे काय, एक माणूस आत बसला की दुसऱ्याने बाहेर उभं राहून बोलायचं. आत लाकडी दाब, पुठ्ठ्यांची चळत, खळीचं पातेलं, आणि मधोमध बहात्तर वर्षांचे चाचा, मांडीवर फाटकं पुस्तक घेऊन. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न, "हात धुतले?" दुरुस्त झालेलं पुस्तक न धुतलेल्या हातात ते देत नसत. एकदा एक नगरसेवक भेळ खात खात मुलाचं पुस्तक न्यायला आले. चाचांनी त्यांना कोपऱ्यावरच्या नळाकडे पाठवलं. नळाला पाणी नव्हतं. चाचा म्हणाले, "मग ते आधी आणा, साहेब. पुस्तक कुठं जात नाही."

अशा माणसाला वाघोलीला न्यायचं घाटत होतं. मुलगा शाहिद वाघोलीत राहतो. नोकरी चांगली, घर अकराव्या मजल्यावर, लिफ्टमधे आरसा. पोरगा वाईट नाही, उलट फार चांगला, आणि चांगल्या पोरांशी भांडणं अवघड असतं. चाचांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. डॉक्टरांनी दोनदा ऑपरेशन सांगितलं, चाचांनी दोन्हीदा "ईदनंतर बघू" म्हटलं. कुठल्या ईदनंतर, ते सांगितलं नाही. शाहिद म्हणायचा, "अब्बा, सुई ओवता येत नाही तुम्हाला. दुकान बंद करा, इकडे या. बाग आहे, बाकं आहेत."

"बाकांवर काय करू?"

"बसा."

"मी इथंही बसूनच असतो."

गेल्या बकरी ईदला हा वाद सगळ्या नातेवाइकांसमोर पेटला. चाचांचं डोकं फिरलं. बिर्याणीची बशी खाली ठेवून ते म्हणाले, "ऐक. पन्नास वर्षांत माझ्या हातून एक फर्मा इकडचा तिकडे झालेला नाही. ज्या दिवशी होईल, त्या दिवशी दुकानाला मी स्वतः कुलूप लावीन आणि किल्ली तुझ्या हातात देईन. सगळे ऐकताहेत."

सगळे ऐकत होतेच. चाचांची बायको अख्तरबानूही ऐकत होती. ती फक्त एवढंच म्हणाली, "बिर्याणी गार होतेय."

आता फर्मा म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. पुस्तक काही सुटं सुटं छापत नाहीत. एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापतात, त्याची घडी घालतात, तो एक फर्मा. असे दहा-पंधरा फर्मे एकावर एक ठेवून शिवले की पुस्तक. जुनं पुस्तक खिळखिळं झालं की बाइंडर ते उसवतो, फर्मे सुटे करतो, फाटलेलं चिकटवतो आणि पुन्हा शिवतो. उसवणं, चिकटवणं, पुठ्ठा चढवणं हे चाचांचं काम. शिलाई अख्तरबानूची. दुकानावरच्या माळ्यात बसून तिने चाळीस वर्षं पुस्तकं शिवली, आणि शिवता शिवता वाचली. लोकांना वाटतं, बाइंडरची बायको म्हणजे सुईदोरा. वाचनालयाच्या अख्ख्या कार्यकारिणीने मिळून वाचलं नसेल तेवढं त्या बाईने माळ्यावर वाकून वाचलंय. तिचा सत्कार करायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

तर ते वाचनालय. चाचांच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर. नाव देणगीदारांच्या कुटुंबाचं, आणि फार लांब, म्हणून सगळे नुसतं 'वाचनालय' म्हणतात. तिथं कुणीतरी घर आवरताना जुन्या रहस्यकथा आणून दिल्या. त्यातल्या दोन एकाच लेखकाच्या, एकाच प्रकाशकाच्या, सारख्याच आकाराच्या. एक 'सात डाव्या चपला' आणि दुसरी 'आठ काळ्या छत्र्या'. दोन्हींत गुप्तहेर तोच, इन्स्पेक्टर कडलग. पहिलीत खुनी सात माणसं मारतो आणि प्रत्येकाची डावी चप्पल घेऊन जातो. दुसरीत आठ माणसं मारतो आणि प्रत्येकाशेजारी काळी छत्री ठेवून जातो. दोन्ही पुस्तकांची लक्तरं झालेली. ग्रंथपाल ऋतुजाने ती थेट चाचांकडे धाडली, आणि चाचांनी आठवड्यात नवी कोरी करून परत केली. लाल कापडी पाठ, कोपऱ्यांना चामडं. दृष्ट लागावी अशी.

दृष्ट लागलीच.

या ऋतुजाचा एक नियम होता. वाचलेल्या पुस्तकाबद्दल दोन ओळी लिहिल्याशिवाय पुढचं पुस्तक मिळायचं नाही. काउंटरला दोरीने बांधलेली अभिप्रायाची वही होती, पेनही दोरीनेच बांधलेलं. लोक आधी कुरकुरले. मग चव लागली. पुण्यात मत विचारणारा भेटत नाही म्हणून लोक गप्प असतात, एरवी प्रत्येकाकडे तयार असतं.

'सात डाव्या चपला'ने त्या वहीत नुसता धुमाकूळ घातला. दोन महिन्यांत एकवीस वाचक.

पहिला अभिप्राय असा: "शेवटपर्यंत उत्कंठा टिकते. शेवटानंतर तर फारच."

दुसरा: "खुनी सतारवादक निघेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. संपूर्ण कादंबरीत सतारवादकाचा उल्लेखही न करणं, हे लेखकाचं कसब."

एका कॉलेजच्या पोराने लिहिलं, "एंडिंग माइंडब्लोइंग. कपाटात होडी!! जादुई वास्तववाद." त्याखाली एका गृहिणीचं अक्षर, "आमच्या कपाटात साड्या मावत नाहीत. तरी आवडलं." आणि त्याखाली, "पान १२ वर चहाचा डाग आहे. तो आमचा नाही."

कपाटात होडी कशी आली? दोनशे आठव्या पानाच्या तळाशी इन्स्पेक्टर कडलग खुन्याच्या घरातलं कपाट उघडतो. वाक्य असं, "आत सात डाव्या चपला ओळीने मांडल्या होत्या, आणि त्यांच्या मागे". पान संपलं. समोरच दोनशे नववं पान. तिथं लिहिलेलं, "वल्हं मारत सलिल म्हणाला, 'पाणी वाढतंय, साहेब.'" तिथून पुढे कडलग थेट खडकवासल्याच्या पाण्यात. हा सलिल सतार शिकवतो. चार पानांत तो कबूल करतो की आठही खून त्यानेच केले, आणि छत्र्यांबद्दल रडून रडून बोलतो. चपलांचं नाव नाही. सातचे आठ कसे झाले, त्याचाही पत्ता नाही.

कुणालाही शंका येऊ नये? आली असेल. पण आपल्याला कळलं नाही असं लिहायचं कुणी? वहीत आधीच पाच जणांनी 'अप्रतिम' लिहून ठेवलेलं. सहाव्याने काय करावं? त्यानेही 'अप्रतिम' लिहिलं, खाली रेघ मारून.

आणि मग रावसाहेबांनी वही हातात घेतली. रावसाहेब म्हणजे वाचनालयाच्या वाचक मंडळाचे अध्यक्ष. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, पण सरकार त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. त्यांनी दीड पान लिहिलं. "सात चपला व आठ बळी यांतील विसंगती सामान्य वाचकास खटकेल. परंतु आठवा बळी म्हणजे स्वतः वाचकच, हे सुज्ञांस सांगणे न लगे. अखेरीस लेखक चपला सोडून छत्र्यांकडे वळतो. चपला पायाशी, छत्री डोईवर. हा मानवी आत्म्याचा ऊर्ध्वगामी प्रवास होय. खुनी कोण, हे मला पृष्ठ पन्नासवरच उमगले होते."

पन्नासाव्या पानावर! ज्याचं नाव दोनशे आठ पानांत एकदाही येत नाही, तो यांना पन्नासाव्या पानावर उमगला!

चाचा रोज संध्याकाळी वाचनालयात जाऊन ऋतुजाकडून वही वाचून घ्यायचे. "माझ्या हातचं पुस्तक आहे," असं दारातल्या चपला मोजणाऱ्यालाही सांगायचे. वाचक मंडळाने ठरवलं, वर्षातली सर्वांत आवडती रहस्यकथा म्हणून याच पुस्तकावर रविवारी सकाळी चर्चा ठेवायची आणि त्याच कार्यक्रमात चाचांना शाल-श्रीफळ द्यायचं. चाचांनी वाघोलीला फोन लावला. "शाहिद, रविवारी ये. बापाचा सत्कार आहे. कॅमेऱ्यावाला फोन आण."

सगळं असं झकास चाललेलं असताना सोजरबाईने वहीत दोन ओळी लिहिल्या.

सोजरबाई मंडईत मेथी-कोथिंबीर विकते. पहाटे गावाकडून येते. तिचं गाव आता महापालिकेत आलंय, पाणी अजून यायचंय. पस्तिशीत अक्षरं शिकली, आणि शिकली ती रहस्यकथांवरच. गिऱ्हाईक नसलं की गोणपाटाखालून पुस्तक काढते. तिने लिहिलं, "दोनशे आठ पानं झ्याक. पुढची सोळा पानं दुसऱ्या पुस्तकाची हायती. बदलून द्या."

एकवीस सुशिक्षितांना जे लिहायची छाती झाली नाही ते हिने दोन ओळींत लिहिलं. मग काय व्हायला हवं होतं? कुणीतरी पुस्तक उघडून बघायला हवं होतं. ते राहिलं बाजूला. रावसाहेबांनी खाली लाल शाईने शेरा मारला, "प्रथम आधुनिक साहित्याचा परिचय करून घ्यावा, मगच अभिप्राय द्यावा." दुसऱ्या दिवसापासून वाचनालयातले दोघे-तिघे भाजी घेताना तिला डिवचायला लागले. "काय सोजरबाई, ही जुडी याच वाफ्यातली ना? का सोळा काड्या दुसऱ्या वाफ्यातल्या?"

सोजरबाईने तराजू खाली ठेवला आणि तडक चाचांच्या दुकानापुढे उभी राहिली. काखेत ते लाल पुस्तक.

"चाचा, तुमीच सांगा आता."

"आधी हात," चाचा म्हणाले.

हात मेथीने हिरवेगार. ती नळावर गेली, धुऊन आली, पदराला पुसले आणि दोन्ही तळवे त्यांच्या नाकासमोर धरले. "झालं? आता सांगा. ह्यो शेवट ह्या पुस्तकाचा हाय का?"

"म्हणजे काय? माझ्या हातची शिलाई आहे."

"शिलाईला कोण नाव ठिवतंय? शिलाई लोखंडी हाय. पर आत काय शिवलंय ते बगा की."

"सोजरबाई, पन्नास वर्षांत माझ्या हातून एक फर्मा..."

"ते समद्या मंडईला पाठ हाय, चाचा. मी बी कोथिंबिरीच्या जुड्या बांधते. जुडीत शेपूची एक काडी घुसली तर डोळं मिटून सांगते, ही आपली न्हाय. ही सोळा पानं शेपू हायती."

"तुम्हाला कादंबरी कळली नसेल!"

हे वाक्य तोंडातून गेलं आणि चाचांना स्वतःलाच कसंसं झालं. रावसाहेब असते तर हेच बोलले असते. सोजरबाई पुस्तक फळीवर ठेवून म्हणाली, "तुमी बी त्यातलंच व्हय? बरं. रविवारी समद्यांसमोर मी पुन्यांदा सांगनार हाय. हसू द्या कुणाला हसायचं ते." आणि गेली.

तिची पाठ वळल्यावर चाचांनी खणातून भिंग काढलं. जुन्या छापखान्यांची एक पद्धत असते. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानावर, अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात पुस्तकाची खूण आणि फर्म्याचा आकडा छापतात, बाइंडरची गफलत होऊ नये म्हणून. वाचणारा ते कधी बघत नाही. चाचांनी एकशे त्र्याण्णवावं पान काढलं. तळाशी भिंग धरलं. "सात - १३". बरोबर. मग दोनशे नऊ काढलं. भिंग पुढे-मागे केलं. चष्मा पुसला. पुन्हा भिंग धरलं.

"आठ - १४".

छत्र्यांचा शेवट चपलांना लागला होता. म्हणजे चपलांचा छत्र्यांना. दोन्ही पुस्तकं एका दिवशी उसवलेली, दोन्ही दोनशे चोवीस पानांची, कागद तोच, टाइप तोच. शिवून खाली आली तेव्हा हा मुंगीएवढा आकडा बघायचा राहिला होता. राहिला कसला, दिसलाच नव्हता. आणि दिसत नाही हे कबूल करायला लागू नये म्हणून चाचांनी नुसता हात फिरवून 'ठीक आहे' म्हटलं होतं.

समोर येऊन गिऱ्हाईक उभं राहिलं. त्याला त्यांनी हात धुतले का हेही विचारलं नाही. ते बिचारं घाबरून आपणच नळावर गेलं.

मग त्यांना सुचलं की दुसरं पुस्तक गुपचूप आणावं, दोन्ही उसवावीत, फर्मे जागेवर घालावेत, कुणाला पत्ता लागायचा नाही. लगबगीने वाचनालयात गेले.

"ऋतुजा, ते 'आठ काळ्या छत्र्या' जरा दे गं."

ऋतुजाने वर बघितलं. "चाचा! तुम्ही वाचायला लागलात? सो स्वीट!"

"वाचतो कसला! शिलाई बघायचीय."

"ते बाहेर आहे ना. दोन महिने झाले, परतच येत नाहीये. रोज फोन करते, स्विच्ड ऑफ येतो."

झालं. वाट बंद.

घरी जेवताना चाचा भाकरीचा तुकडा मोडून ताटातच ठेवायला लागले. अख्तरबानूने विचारलं, "अहो, रस्सा खारट झालाय का?"

"नाही."

"मग?"

"बानू, वाघोलीत तुला करमेल?"

अख्तरबानूने हातातला डाव पातेल्यात सोडला. वाघोलीचं नाव या माणसाच्या तोंडून आपणहून आलेलं तिने कधी ऐकलं नव्हतं. "तिथं लिफ्टमधे आरसा आहे," ती सावधपणे म्हणाली. "आणखी काय आहे?"

चाचांनी भाकरीचा आणखी एक तुकडा मोडला. अकराव्या मजल्यावर मंडईचा गलका ऐकू येत नाही, खळीचा वास येत नाही, आणि हात धुतले का हे कुणाला विचारायचं? लिफ्टमधल्या आरशाला?

रविवार उजाडला. वाचनालयाचा हॉल खच्चून भरला. पहिल्या रांगेत चाचा, इस्त्रीचा कुर्ता, चेहरा मात्र दात काढायला आल्यासारखा. शेजारी शाहिद फोन सरसावून. मागे बायकांत अख्तरबानू. शेवटच्या रांगेत सोजरबाई, रिकामी पाटी पायाशी ठेवून. टेबलावर शाल, नारळ आणि ते लाल पुस्तक.

रावसाहेब चाळीस मिनिटं बोलले. होडी म्हणजे प्रवास, पाणी म्हणजे काळ, सतार म्हणजे दबलेली मध्यमवर्गीय घुसमट. "कपाट उघडावे आणि समोर अथांग जलाशय दिसावा! मित्रहो, हे फक्त प्रतिभेला शक्य आहे." टाळ्या पडल्या. "कुणाला काही विचारायचं आहे?"

"मला," सोजरबाई उभी राहिली. "कपाट हाय तिसऱ्या मजल्यावर. तिथं खडकवासल्याचं पानी कसं चढलं? आमच्या गावात नळाला चढत न्हाय."

हॉलमधे हशा पिकला. रावसाहेबांनी हात वर करून तो थांबवल्यासारखं केलं आणि मग स्वतःच जोराने हसले. "बाई, पाणी प्रतीकात्मक आहे."

"मग नळपट्टी बी प्रतीकात्मक घ्या की! मी पुन्यांदा सांगते, ही सोळा पानं ह्या पुस्तकाची न्हायती."

"बसा खाली. वेळ थोडा आहे. आपण भाजीचे बघावे, साहित्याचे आम्ही बघतो."

पुन्हा हशा. सोजरबाई बसली नाही. पाटी उचलायला ती वाकली.

चाचांच्या एका बाजूला शाल होती, दुसऱ्या बाजूला शाहिद. आणि कुर्त्याच्या खिशात दुकानाची किल्ली, मघापासून मांडीला टोचत असलेली. ते उठून उभे राहिले.

"सोजरबाई, पाटी ठेवा खाली. तुम्ही बरोबर आहात."

मागच्या रांगांतले लोक उठून बघायला लागले.

"शेवटचा फर्मा दुसऱ्या पुस्तकाचा आहे. माझ्या हातून चुकला. खाली आकडा छापलाय, हे भिंग घ्या आणि बघा." त्यांनी भिंग रावसाहेबांपुढे ठेवलं. "चार दिवस झाले, मला माहीत आहे. गप्प बसलो. या बाईला तुम्ही हसलात, मीही तिला नाही नाही ते बोललो. शाल तिला द्या." मग ते शाहिदकडे वळले आणि खिशातली किल्ली काढून त्याच्या तळहातावर ठेवली. "शब्द दिला होता. घे."

शाहिद गोंधळला. ही किल्ली त्याला दोन वर्षं हवी होती. आता हातात आली तर ती धरायची कशी ते कळेना. "अब्बा, इथं कशाला..."

"एक मिनिट!" मागून आवाज आला. अख्तरबानू खुर्च्यांच्या रांगांमधून वाट काढत पुढे येत होती. "चूक यांची नाही. फर्मे यांनी बरोबर लावून दिले होते. गोंधळ मी केला."

"बानू, बस खाली."

"बसते, बोलून झाल्यावर." ती सगळ्यांकडे वळली. "मला धीर धरवत नाही. रहस्यकथा शिवायला आली की मी शेवटचा फर्मा आधी काढून घेते, खुनी कोण ते बघून घेते, मग शांतपणे शिवते. चाळीस वर्षं हेच करते. त्या दिवशी दोन पुस्तकं होती, दोन्हींचे शेवट काढले, वाचले, आणि परत ठेवताना..." तिने दोन्ही हातांची अदलाबदल करून दाखवली. "दूध उतू जात होतं."

मघाच्या तिप्पट हशा उसळला. या वेळी सोजरबाईही हसली, आणि चाचांचं तोंड मात्र उघडंच राहिलं. "चाळीस वर्षं? आणि मला पत्ता नाही?"

"तुम्ही कधी विचारलं, मी काय वाचते ते?"

याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर कळवा.

"पण तपासायचं काम माझं होतं," ते अडून बसले. "दिसलं नाही मला. शब्द तो शब्द. किल्ली शाहिदकडेच राहील."

"राहू दे," अख्तरबानू म्हणाली. तिने पर्स उघडली आणि दुसरी किल्ली काढून सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. "ही माझी. मी कुणाला काही कबूल केलेलं नाही. सोमवारपासून दुकान मी उघडणार."

शाहिदला हसू आवरेना. त्याने हातातली किल्ली खिशात टाकली. "अब्बा, मोतीबिंदू काढा, त्या दिवशी ही परत देतो. तोवर अम्मीच्या हाताखाली बसा."

"ईदनंतर बघू."

"मंगळवारी," मायलेक एकदमच म्हणाले.

आता उरले रावसाहेब. एवढा वेळ ते भिंगातून दोनशे नववं पान बघत होते. घसा खाकरून म्हणाले, "मला याचा संशय पृष्ठ पन्नासवरच आला होता." मग लगेच, "तथापि, हा शेवट मूळ शेवटाहून सरस आहे असे माझे मत आहे. तो तसाच ठेवावा." आणि खरं सांगतो, हात वर करून मतदान झालं! बावीस विरुद्ध तीन मतांनी होडी कपाटातच ठेवायचा ठराव पास झाला. विरोधात चाचा, अख्तरबानू आणि सोजरबाई. सोजरबाईने शाल काही घेतली नाही. "मला घाम येतो," म्हणाली. नारळ घेतला, आणि वहीत रावसाहेबांच्या लाल शेऱ्याखाली हिरव्या अंगठ्याचा ठसा उमटवून गेली. लिहिता येत असून.

ठराव गेला खड्ड्यात. सध्या दिवसा दुकानाच्या पायरीवर अख्तरबानू बसते, आत डोळ्याला हिरवी पट्टी लावून चाचा बसतात आणि गिऱ्हाइकांना आतूनच ओरडतात, "हात!" पट्टी सुटली की दोन्ही पुस्तकं उसवून सरळ करायची, हे त्यांनी ठरवून टाकलंय. बावीस मतांना विचारणार नाहीत. संध्याकाळी ती माळ्यावर शिवायला जाते तेव्हा शेवटचा फर्मा आता ते स्वतःकडे ठेवून घेतात. अख्तरबानू खाली येऊन तो वाचून जाते.

अडलंय ते एका गोष्टीवर. चपलांचा खरा शेवट छत्र्यांच्या पुस्तकात आहे, आणि 'आठ काळ्या छत्र्या' अजून बाहेरच आहे. लाल कापडी पाठ, कोपऱ्यांना चामडं, दोनशे नवव्या पानावर खडकवासल्याच्या पाण्यातून कडलग एकदम कुणाच्या तरी कपाटापुढे येऊन उभा राहतो. वाचून तुम्हीही 'अप्रतिम' म्हणाला असाल. असू दे, कुणाला सांगत नाही. पण ते पुस्तक तुमच्या घरी असेल, पलंगाखाली, फ्रीजवर, पाहुण्यांना दाखवायच्या कपाटात, कुठंही, तर ते उचला आणि मंडईमागच्या त्या दुकानात आणून द्या. सोजरबाईला अजून खुनी कोण ते कळलेलं नाही, आणि अख्तरबानूकडून ऐकायला ती तयार नाही, स्वतः वाचणार म्हणते. आणि येताना हात धुऊन या.